गॅरेजमधले खोके आणि आजीची पहाट

पत्राचा सारांश : हे पत्र साताऱ्यात राहणाऱ्या ७१ वर्षांच्या एका आजींचे आहे. त्या माध्यमिक शाळेतून मराठीच्या शिक्षिका म्हणून निवृत्त झाल्या. मुलगा न्यू जर्सीत असतो, सून मूळची हुबळीची, माहेरची भाषा कन्नड. नातू दहा वर्षांचा आहे आणि नात पाच वर्षांची. गेल्या आठ वर्षांत आजींनी स्वतःच्या सामानातून, ओळखीच्यांच्या बॅगांतून आणि टपालाने मिळून दीडशेच्या आसपास मराठी पुस्तके तिकडे पोहोचवली. मागच्या उन्हाळ्यात त्या मुलाकडे गेल्या असता गॅरेजमध्ये त्यांना एक चिकटपट्टीने बंद केलेले खोके दिसले. त्यावर काळ्या मार्करने इंग्रजीत ‘आजी बुक्स’ असे लिहिलेले होते. आतली पुस्तके कोरी करकरीत होती आणि प्रत्येकाच्या पहिल्या पानावर त्यांच्याच अक्षरात ‘चि. अमक्यास आजीकडून सप्रेम भेट’ ही ओळ होती. दर रविवारी रात्री नऊ वाजता व्हिडिओ कॉलवर वाचून दाखवण्याचा प्रयत्नही त्यांनी करून पाहिला, पण पाच मिनिटांत नात उठून जाते आणि नातू कॅमेरा छताकडे वळवून ठेवतो. मुलगा म्हणाला, ‘आई, आता पुस्तकं नको आणूस, जागा नाहीये.’ सूनबाई मुलांच्या स्क्रीनसमोरच्या वेळाबाबत कडक आहेत. आजी विचारतात : मी पुस्तके पाठवणे बंद करावे का? मुलांना मराठी वाचनाची गोडी लावायची तरी कशी? आणि ज्या घरात पुढची पिढी मराठी वाचणारच नाही, त्या घरातल्या माझ्या कपाटाचे माझ्यामागे काय होणार?

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती त्या खोक्यापाशी. ‘माझ्या हातचे अक्षर बंद करून ठेवले होते,’ असे तुम्ही लिहिले आहे आणि त्या वाक्यातला सल मला समजतो. तरीही एक गोष्ट नोंदवते. ज्या घराला पुस्तके नकोशी झालेली असतात, ते घर त्यांचे खोके भरून, चिकटपट्टी लावून, वर नाव घालून ठेवत नाही. तिकडे नको असलेल्या वस्तू देऊन टाकण्याच्या सोयी भरपूर आहेत. ती पुस्तके टाकून देववत नाहीत आणि वाचूनही होत नाहीत, अशा अडचणीत तुमचा मुलगा आणि सूनबाई असावेत, असे मला वाटते. आलेली भेट जेव्हा घरातल्या माणसांच्या झेपेपेक्षा मोठी होते, तेव्हा तिचे असेच होते. आठ वर्षांत दीडशे म्हणजे सरासरी तीन आठवड्यांना एक पुस्तक, आणि तेही एकेक न येता गठ्ठ्याने. मुलासमोर एकदम पंचवीस पुस्तके ठेवली, तर त्याच्या दृष्टीने तो फर्निचरचा एक भाग होतो.

आता तुमच्या प्रश्नांकडे वळते. तुम्ही तीन प्रश्न विचारले आहेत, पण पत्रात ते एकमेकांत इतके गुंतलेले आहेत की एकाची काळजी दुसऱ्याच्या डोक्यावर बसली आहे. मुलांशी पुस्तकांची देवाणघेवाण करणे, मुलांना मराठी लिपी वाचता येणे आणि तुमच्या ग्रंथसंग्रहाला वारस मिळणे या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. पाच वर्षांची नात कॉलवरून उठून जाते तेव्हा तुम्हाला आपले कपाट रद्दीत गेल्यासारखे वाटते. तिला मात्र फक्त कंटाळा आलेला असतो. तिच्या कंटाळ्यावर एवढा भार टाकू नका.

पहिली शंका मी त्या पुस्तकांच्या निवडीबद्दल घेणार आहे, आणि शिक्षिका म्हणून ती तुम्हाला पटावी. पत्रासोबत तुम्ही जी यादी जोडली आहे, तीत साहसकथा आहेत, थोरांची चरित्रे आहेत, बोधकथा आहेत. बहुतेक सगळी तुम्ही स्वतः दहा-बारा वर्षांच्या असताना वाचलेली. त्या वयाच्या मराठी शाळेतल्या मुलाला ती योग्यच होती. तुमचा नातू मात्र मराठी ऐकतो ती स्वयंपाकघरात आणि गाडीत. ‘जेवायला ये’, ‘बूट काढ’, ‘आजीशी बोल’ ही त्याची मराठी आहे. ‘तो म्लान वदनाने माघारी फिरला’ असे वाक्य त्याच्यापुढे आले, तर शब्दांबरोबर वाक्याची चालही त्याला परकी लागते, कारण छापील मराठी आणि बोलण्यातली मराठी यांत जे अंतर आहे ते आपण शाळेच्या दहा वर्षांत नकळत कापलेले असते. त्याने ते कधी कापायला घेतलेलेच नाही. भाषा ऐकून कळणे, ती बोलता येणे आणि ती वाचता येणे या तीन पायऱ्या आहेत, आणि परदेशात वाढणाऱ्या बहुतेक मुलांचा पाय पहिलीवर पक्का असतो, दुसरीवर डळमळतो आणि तिसरी त्यांनी दुरून पाहिलेली असते. तुम्ही पाठवलेली सगळी पुस्तके तिसऱ्या पायरीवर ठेवलेली होती.

लिपीचीही एक गंमत सांगते. ‘चमचा’ आणि ‘चहा’ या दोन शब्दांत आपण ‘च’ एकच लिहितो, पण उच्चार दोन करतो. हे कुठल्याही पानावर लिहिलेले नसते. शब्द आधी कानावर पडलेला असला तरच डोळ्याला तो नीट वाचता येतो. ज्या मुलाने तो शब्द ऐकलेलाच नाही, त्याने तो अक्षर-अक्षर लावून वाचला तरी तोंडातून येणारा शब्द मराठी वाटत नाही, आणि आपण चटकन दुरुस्ती करतो. अशा तीन दुरुस्त्या झाल्या की कॅमेरा छताकडे वळतो. (तुम्ही दुरुस्त्या करता, असे पत्रात कुठे म्हटलेले नाही, पण तीसेक वर्षे वह्या तपासलेला हात गप्प बसत असेल, यावर माझा विश्वास नाही.)

म्हणून माझा पहिला सल्ला असा की, पुस्तकातली मराठी सध्या तुमच्या आवाजातून जाऊ द्या, लिपीतून नको. लिपी शिकवण्याचे काम तुम्ही दुरून करू नये. मुलगा राजी असेल, तर तिथल्या मराठी शाळेचे पाहावे. उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे आणि अनेक गावांतली मंडळे आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरवतात. ते होवो न होवो, आजीने लिपीची शिक्षिका होण्याची गरज नाही.

दुसरी शंका वेळेबद्दल, आणि खरे सांगायचे तर तुमच्या पत्रातली सर्वांत सहज सुटणारी अडचण हीच आहे. रविवारी रात्री नऊ ही तुमची सोयीची वेळ आहे. जेवण आटोपलेले, घर शांत. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे साडेअकरा आणि हिवाळ्यात साडेदहा वाजलेले असतात. सुट्टीच्या दिवशी त्या वेळी मूल एका जागी बसलेले तुम्ही कुठे तरी पाहिले आहे का? त्याला खेळायला जायचे असते, पोहायला जायचे असते, कुणाच्या तरी वाढदिवसाला जायचे असते. मुलाला गोष्ट हवी असते ती निजताना. तिथे रात्रीचे साडेआठ वाजतात तेव्हा तुमच्याकडे दुसऱ्या दिवसाची सकाळ होत असते : उन्हाळ्यात सहा, हिवाळ्यात सात. तिकडे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे येतात. ते दोन रविवार भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवा, नाहीतर एक दिवस तुम्ही चहा घेऊन बसाल आणि मुले झोपून तास झालेला असेल. तुमचा पहिला चहा आणि नातीचे पांघरूण यांची वेळ जमते, हा योग दवडू नये.

सूनबाईंच्या कडकपणाबद्दल थोडे. त्यांचा नियम चुकीचा नाही आणि त्याला बगल देण्याचा मार्ग मी सुचवणार नाही. पण अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये जे मार्गदर्शन दिले, त्यात दीड वर्षाच्या आतल्या बाळांनाही पडद्यापासून दूर ठेवताना व्हिडिओ कॉलला मात्र सूट दिली होती, कारण पलीकडे बोलणारे, उत्तर देणारे माणूस असते. हे मुलाकडून त्यांच्या कानावर घालता येईल. त्यापेक्षा चांगले म्हणजे पडद्याचे काम कमी करणे : फोन उशाशी उभा ठेवलेला, नातीच्या हातात खरे पुस्तक आणि फोनमधून फक्त तुमचा आवाज.

यातूनच मी तुम्हाला सांगणार असलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट निघते. यापुढे एकही पुस्तक एका प्रतीत घेऊ नका. एक प्रत तिकडे, दुसरी तुमच्या टेबलावर. कॅमेऱ्यासमोर पुस्तक धरून वाचणारी आजी मुलांना अर्धी दिसते, चित्र उलटसुलट होते, प्रकाश पानावर चमकतो आणि ‘दिसतंय का रे?’ यातच गोष्ट संपते. दोघांच्या हातात तेच पुस्तक असले की तुम्ही म्हणू शकता, ‘सातव्या पानावर त्या मांजराच्या मागे कोण लपलंय बघ,’ आणि मग बघण्याचे काम तिचे असते. तुमच्या दीडशे पुस्तकांत हीच एक उणीव होती : ती सगळी त्यांना दिलेली होती, तुमच्या दोघांची त्यांत एकही नव्हती.

दुसऱ्या प्रतीचा खर्च जड वाटत असेल किंवा टपालाची खात्री वाटत नसेल, तर कागदाशिवायही हे जमते. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस अमेरिकेत सीमाशुल्काचे नियम बदलल्याने आपल्या टपाल खात्याने तिकडचे टपाल घेणे काही आठवडे थांबवले होते. ऑक्टोबरच्या मध्यास ते पुन्हा सुरू झाले. तेव्हा पार्सलांवर विसंबून राहू नये, हे तुम्ही अनुभवाने जाणताच. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर चित्रकथा विनामूल्य वाचता येतात, उतरवून घेता येतात, छापता येतात, आणि त्यातली मोठी सोय अशी की एकच गोष्ट त्याच चित्रांसह अनेक भाषांत मिळते. तुम्ही मराठी पाने उघडून बसा. नातीपुढे इंग्रजी असतील तरी बिघडत नाही. चित्र तेच, पान तेच, आणि कानावर पडणारी भाषा तुमची.

इथे मी तुम्हाला जरा अवघड जाईल अशी एक गोष्ट सुचवते. पुष्कळ गोष्टी तिथे कन्नडमध्येही आहेत. तुमच्या नातवंडांना हुबळीत दुसरी आजी आहे, आणि पत्रात तिचा उल्लेख एकदाच, तोही ‘सूनबाई आईशी कन्नडमध्ये बोलतात, मुले तेही ऐकतात’ असा आला आहे. ‘तेही’ या शब्दात थोडी तक्रार मला ऐकू आली. चुकत असेन तर सोडून द्या. एकच गोष्ट मंगळवारी एका आजीने मराठीत आणि शुक्रवारी दुसऱ्या आजीने कन्नडमध्ये सांगितली, तर मुलांना ते ओझे होणार नाही. त्यांच्यासाठी तो खेळ होईल, आणि सूनबाई या सगळ्यात परक्या राहणार नाहीत. पाच वर्षांच्या मुलीच्या हातात पुस्तक धरायला कोणीतरी मोठे माणूस शेजारी लागतेच. ते बहुधा सूनबाईच असतील. ज्या पुस्तकात त्यांना स्वतःला काही वाचता येत नाही, ते त्या रोज रात्री उघडतील अशी अपेक्षा आपण कोणत्या हक्काने करायची? चेन्नईची तुलिका ही प्रकाशन संस्था एकाच पानावर इंग्रजी आणि एक भारतीय भाषा अशी द्विभाषिक चित्रपुस्तके काढते, त्यांत मराठीही आहे. अशी दोन-चार पुस्तके घरात असली की शेजारी बसलेल्या माणसाला गोष्टीत भाग घेता येतो.

आता वाचायचे कसे, याविषयी. १९८८ मध्ये ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लहान मुलांच्या पालकांना एक साधा बदल शिकवला : सरळ वाचत न जाता मध्ये थांबून मोकळे प्रश्न विचारायचे आणि मुलाच्या उत्तराला आणखी एक वाक्य जोडायचे. महिनाभरातच त्या मुलांच्या बोलण्यात इतर मुलांपेक्षा फरक दिसला. आपल्याला यात नवल वाटायचे कारण नाही, कारण वेताळ हेच करत आला आहे. ‘वेतालपंचविंशती’तल्या गोष्टी प्रश्नावर येऊन थांबतात आणि उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोक्याची शकले होतील, अशी धमकीही मिळते. तुमच्या दहा वर्षांच्या नातवासाठी याहून चांगली सोय कुठली? गोष्ट तुम्ही तुमच्या शब्दांत सांगा, प्रश्नावर थांबा आणि कॉल बंद करा. उत्तर त्याने दुसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर बोलून पाठवायचे. ते इंग्रजीत आले तर येऊ द्या, मध्येच मराठी शब्द आला तर त्याचे कौतुकही करू नका; पुढची गोष्ट सांगा. उत्तर चुकीचे आले तर फारच उत्तम, मग वाद घालता येतो.

ध्वनिमुद्रणाबद्दल माझी एक फजिती सांगते. माझ्या भाचीची मुलगी मेलबर्नला असते. तिच्यासाठी मी एकदा एक अख्खी गोष्ट बेचाळीस मिनिटे वाचून, मोठ्या अभिमानाने पाठवली. पंधरा दिवसांनी ‘कशी वाटली गं?’ असे विचारले, तर ती म्हणाली, ‘मावशीआजी, तुझ्या कुकरच्या पाच शिट्ट्या झाल्या.’ गोष्ट तिने ऐकली होती की नव्हती, कुणास ठाऊक, पण कुकर तिला आवडला होता. तेव्हापासून मी चार-पाच मिनिटांच्या वर जात नाही, एका वेळी एकच प्रसंग वाचते, आणि खिडकी बंद करत नाही. भाजीवाला ओरडला, पाऊस आला, शेजारच्या घरी कोणी हाक मारली, तर ते गोष्टीत राहू देते. साताऱ्याची सकाळ त्या मुलांना दुसरीकडे कुठे ऐकायला मिळणार आहे?

एक सावधगिरी मात्र बाळगा. नातवंडांना घरगुती वापरासाठी वाचून पाठवणे वेगळे आणि तेच ध्वनिमुद्रण सगळ्यांसाठी यूट्यूबवर ठेवणे वेगळे. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क चालू राहतो, आणि हयात लेखकांची पुस्तके जाहीरपणे वाचून टाकणाऱ्या हौशी आजी-आजोबांची संख्या अलीकडे वाढली आहे. परवानगी विचारली तर पुष्कळ प्रकाशक देतात, आधी विचारावे.

तुम्ही लिहिले आहे की नातवाने ‘श्यामची आई’ वाचावे, ही तुमची सर्वांत मोठी इच्छा आहे, आणि नेमकी तीच प्रत खोक्यात सर्वांत खाली होती. या पुस्तकाची घडण पुन्हा एकदा आठवा. श्याम मित्रांना रात्री बसून आईच्या आठवणी सांगतो, आणि म्हणून त्यातल्या प्रकरणांना ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी नावे आहेत. हे पुस्तक मुळातच कानांसाठी आहे. ते एका मुलाने एकट्याने खोलीत बसून, परक्या लिपीत, पहिल्यापासून शेवटपर्यंत संपवावे, अशी त्याची रचनाच नाही. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले, त्यामुळे त्यांच्या लेखनावर आता स्वामित्वहक्काचे बंधनही नाही. आठवड्याला एक रात्र घ्या; त्याची रात्र, तुमची पहाट. सगळ्या रात्री घ्यायलाच हव्यात असेही नाही. काही रात्रींतले रडणे आजच्या दहा वर्षांच्या मुलाला कळणार नाही, काहींतली शिस्त त्याला अन्यायाची वाटेल, आणि तो ‘पण त्याच्या आईने असं का केलं?’ असे विचारेल. त्या प्रश्नाला ‘तेव्हा तसंच होतं’ हे उत्तर देऊन मोकळ्या होऊ नका. मला वाटते, त्या एका प्रश्नासाठी तो अख्खा उद्योग करावा.

आणि आता नातवाच्या स्वतःच्या वाचनाबद्दल. ‘तो नुसती चित्रांची पुस्तके वाचतो, जाड जाड कॉमिक्स,’ असे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे तो वाचतो! ही बातमी तुम्ही तक्रारीच्या परिच्छेदात घातली आहे. आपण लहानपणी ‘चांदोबा’ एकमेकांच्या हातातून हिसकावून घेत होतो, ते आधी चित्रांसाठीच. त्याला विचारा की सध्या कुठले पुस्तक चालू आहे, त्याचे नाव लिहून घ्या आणि तेच पुस्तक तुम्ही मिळवून वाचा. बहुतेक लोकप्रिय इंग्रजी बालपुस्तके आपल्याकडे मागवता येतात. न कळलेले शब्द, न कळलेले विनोद त्याला विचारा; शाळेतल्या जेवणाच्या सुट्टीतले राजकारण, तिथल्या मुलांच्या बोलण्यातल्या खोचा तुम्हाला खरोखरच कळणार नाहीत आणि त्याला त्या समजावून सांगाव्या लागतील. समजावताना तो कोणत्या भाषेत बोलेल हे पाहण्यासारखे असते : इंग्रजीत सुरू करेल आणि तुम्हाला कळत नाही असे दिसले की हातवारे करत मराठीवर येईल. निवृत्त शिक्षिकेला विद्यार्थिनी होणे जरा जड जाते, पण आठ वर्षे पुस्तकांची वाट एकाच दिशेने चालू होती. ती उलट दिशेनेही सुरू झाल्याशिवाय त्याला तुमच्या पुस्तकात डोकावण्याचे कारण मिळणार नाही.

पाठवणे बंद करावे का, या तुमच्या प्रश्नाचे उत्तर यात आलेच आहे, तरी स्पष्ट सांगते. गठ्ठे बंद करा, पुस्तक बंद करू नका. डॉली पार्टन या अमेरिकी गायिकेने १९९५ मध्ये टेनेसीतल्या आपल्या गावाकडच्या मुलांसाठी एक योजना सुरू केली, ती पुढे अनेक देशांत पोहोचली : जन्मापासून पाच वर्षांपर्यंत प्रत्येक मुलाला दर महिन्याला टपालाने एक पुस्तक, मुलाच्या स्वतःच्या नावावर. त्यातल्या दोन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत, एका वेळी एकच पुस्तक आणि पाकिटावर मुलाचे नाव. तुम्हाला दर महिन्याला जमायचे नाही. वर्षाला चार पुष्कळ झाली. तुमच्या मुलाला आधी विचारा, पुस्तक पातळ निवडा, आणि सूनबाईंना सांगून ठेवा की वाचून झालेले पुस्तक घरात ठेवलेच पाहिजे असे नाही. ही मोकळीक तुम्ही दिलीत की जागेचा प्रश्न निम्मा मिटतो. मधल्या काळासाठी ‘किशोर’ आहेच. बालभारतीचे हे मासिक १९७१ पासून निघते आणि त्याचे जुने अंक आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतात. तुमचा मुलगा लहानपणी जे अंक वाचत होता, त्यातलाच एखादा काढून त्यालाच पाठवा. मुलांना नव्हे, त्याला. बाबा रात्री फोनवर काहीतरी वाचून एकटाच हसतो आहे, हे दृश्य मुलांसमोर आले तर त्याचा उपयोग तुमच्या कॉलपेक्षा अधिक होईल.

कपाटाबद्दल मी थोडक्यात लिहिते, कारण ते तुमच्या हातात आहे आणि त्यात नातवंडांची काही भूमिका नाही. ज्यांच्या समासात तुमच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, अशी दहा पुस्तके बाजूला काढा, ती घराण्याची. उरलेल्यांची यादी करा आणि जवळच्या वाचनालयाला व जिल्हा परिषदेच्या एखाद्या शाळेला यादी दाखवून, त्यांना काय हवे ते निवडू द्या. न विचारता रिक्षा भरून पुस्तके नेऊन टाकणाऱ्यांमुळे वाचनालये त्रासलेली असतात. तुमची पुस्तके वाचायला मुले हवी असतील तर ती साताऱ्यातही आहेत, आणि त्यांना लिपी येते.

सुरुवात कुठून करायची, तर त्याच खोक्यापासून. मुलाला फोन करून, खोक्याचा विषय दुखावल्या स्वरात न काढता, त्यातले नातीच्या नावाचे, सर्वांत जास्त चित्रे असलेले एकच पुस्तक वर आणायला सांगा आणि त्याच पुस्तकाची दुसरी प्रत इकडे विकत घ्या. पहिल्या दिवशी गोष्ट वाचू नका. फक्त पहिले पान उघडायला सांगा, जिथे तुमच्या अक्षरात ती ओळ आहे. तिला वाचता येणार नाही. ओळीवर बोट ठेवून ‘चि.’च्या पुढचा शब्द दाखवायला तिच्या बाबांना सांगा, तो शब्द कोणता हे तिने ओळखायचे आहे. सगळ्या पुस्तकात तिचे नाव असलेले पान तेवढे एकच आहे.